चुकलं-माकलं म्हणायचं नाही

या, असे पुढं सरका. तिकडं खांबाला टेकून बसलात तर धड ऐकू यायचं नाही. बुवा आत्ताच आलेत, आत त्यांचा चहा चाललाय, पखवाजाला कणीक लावून व्हायची आहे. शिवकीर्तन उभं राहायला अजून घटकाभर अवकाश आहे, तेवढ्यात तुम्हाला मल्लिनाथाची गोष्ट सांगतो. लोकांना देवाला नेणाऱ्या माणसाची आहे, म्हणजे या मांडवात चालण्यासारखीच.

मल्लिनाथ मूळचा चाकूरचा, राहायला लातुरात. काम टूर लीडरचं. त्याची स्वतःची ट्रॅव्हल्स नाही, गाडी नाही, बसायला टेबल-खुर्ची नाही. नांदेड-लातूरच्या ट्रॅव्हल्सवाल्यांकडं माणसं गोळा झाली की ते याला फोन करतात, आणि हा गळ्यात शिट्टी अडकवून निघतो. श्रीशैल, काशी, उज्जैन, रामेश्वर. कोणाला खिडकीच लागते, कोण पित्ताची गोळी विसरतं, कोण लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नाही, सगळं त्याच्या तोंडपाठ. गाडी कितीही पहाटे सुटायची असो, पूजेपुरता वेळ तो आधीच काढून ठेवायचा. म्हणून तर चाकूरकडची म्हातारी माणसं पोराबरोबर जात नव्हती, मल्लिनाथाबरोबर जात होती.

त्यातल्याच नागम्मा. रेवणप्पा कापडवाल्यांची आई. मल्लिनाथाच्या चाकूरच्या घराशेजारी त्यांचं घर, त्याला मांडीवर घेऊन वाढवलेली बाई. तिला आयुष्यात एक केदार बघायचा राहिला होता. गुडघे बोलायला लागले होते, डॉक्टर म्हणाले, जायचं तर यंदा जा. रेवणप्पानं सांगून टाकलं, "मल्लिनाथ नेत असला तर अव्वा जाईल. दुसऱ्या कोनासंगं मी तिला धाडनार न्हाई."

तर केदारची बॅच ठरली. नांदेडच्या अण्णारावांची ट्रॅव्हल्स, वरची सगळी व्यवस्था हैदराबादच्या एका मोठ्या कंपनीकडं. आणि एक दिवस अण्णारावांचा फोन आला.

"मल्लिनाथ, कंपनीचा मेल आलाय. टूर लीडरचा सोताचा विमा पाहिजे म्हनून राहिले. व्यावसायिक दायित्व विमा."

"म्हंजे?"

"मला तरी काय म्हाईत? तुझ्या सांगन्यानं, तुझ्या चुकीनं कोनाचं नुकसान झालं तर भरपाई तिकडून. सोमवारपातूर पॉलिसी धाड. न्हाई धाडली तर त्यांचा मानूस यील हैदराबादहून, तो नेईल बॅच."

"मग नागम्मा यायच्या न्हाईत."

"तेच म्हनतो. पॉलिसी घे अन् मोकळा हो. दुकानात जाऊन टूथपेस्ट घ्यावी तसं काम हाय ते."

अण्णारावांच्या त्या टूथपेस्टवर मल्लिनाथ पुढचे चार दिवस चरफडत राहिला.

पहिल्यांदा तो गेला गंजगोलाईच्या बाजारामागं, मडिवाळप्पांकडं. नात्यानं मामा लागायचे, आणि अर्ध्या लातूरचे विमे त्यांनी उतरवलेले. मामांनी चहा मागवला, चिवडा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि एक रंगीत घडीपत्रक पुढं केलं.

"ही घे. तू गेल्यावर तुझ्या बायकोला, मंजुश्रीला, म्हातारपनापातूर काही बघायला नको."

"मामा, मी कुठं चाललो? मला लोकांना न्यायचंय."

"नेता नेताच मानूस जातो बाबा. डोंगर, दऱ्या..."

"पन मामा, मला काय झालं तर हे न्हाई पाहिजे. माझ्यामुळं दुसऱ्याला काय झालं तर, ते पाहिजे."

मडिवाळप्पांनी चिवड्याची बशी त्याच्याकडं सरकवली. मग हळूच म्हणाले, "तुझ्यामुळं कोनाला काय व्हायलंय? इतका गरीब मानूस तू. उगं अपशकुन बोलू नको, चिवडा खा."

तिथून औसा रोडला एका मोठ्या विमा कंपनीचं ऑफिस. तिथल्या साहेबांनी दायित्व हा शब्द ओळखला आणि मल्लिनाथाचा जीव भांड्यात पडला. पण साहेबांनी लगेच विचारलं, "दुकानाचं क्षेत्रफळ किती?"

"दुकान नाही साहेब."

"गोडाऊन? कारखाना? गॅसच्या टाक्या ठेवता का?"

"काहीच नाही."

"मग धंदा चालतो कुठं?"

मल्लिनाथ म्हणाला, "तोंडानं चालतो. मी सांगतो, लोक ऐकतात. इकडून चला म्हणलं की इकडून चालतात, थांबा म्हणलं की थांबतात. एवढाच धंदा आहे."

साहेबांनी खुर्ची थोडी मागं सरकवली. "जागा नसली तर आमच्याकडं बसत नाही ते. प्रवाशांचा प्रवास विमा देऊ का? सामान हरवलं, विमान चुकलं..."

"रेल्वेनं चाललोय साहेब."

"मग तोही बसत नाही."

घरी येऊन त्यानं फोनवरून एका तिसऱ्याच कंपनीला गाठलं. हे दाबा, ते दाबा, आपका कॉल हमारे लिए महत्वपूर्ण है. मध्ये फोनवर वाजणाऱ्या बासरीत मंजुश्रीच्या भाकरी थापून झाल्या. शेवटी एक मुलगी बोलली. व्यवसाय कोणता, तिनं विचारलं. तिच्या यादीत डॉक्टर होते, वकील होते, आर्किटेक्ट होते, सनदी लेखापाल होते.

"सर, टूर लीडर दिसत नाहीये. इव्हेंट मॅनेजर टाकू का?"

"केदारनाथ काय इव्हेंट आहे का हो ताई?"

"सर, जवळचं तेच आहे."

मंजुश्री तव्यापासून म्हणाली, "टाका म्हनावं. तेवढ्यानं अव्वाचं जानं होत असलं तर टाका."

"आन् उद्या काय झालं तर कंपनी म्हनंल, तू इव्हेंट मॅनेजर, तू डोंगरावर काय करून राहिलास?"

"मग आता काय करायचं ठरवलंय?"

"मला काय माहीत!" तो एवढ्या जोरात ओरडला, की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग त्याचा त्यालाच राग आला. त्यानं फोन खाटेवर टाकला आणि हातपाय धुऊन पूजेला बसला. पूजेतसुद्धा मन लागेना. तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग, आणि डोक्यात ती बासरी.

शेवटी अण्णारावांनीच कोणाला तरी विचारून नाव काढलं. नांदेडला वजिराबादेत दामिनी नावाची एक बाई आहे, चार कंपन्यांचे विमे बघते, तिला असलं कळतं. शनिवारी मल्लिनाथ एसटीनं नांदेड गाठून तिच्यासमोर जाऊन बसला. बाई तरणी, बोलायला चटपटीत. त्यानं तीनदा सांगून पाठ झालेलं गाऱ्हाणं सुरू केलं, तर तिनं अर्ध्यातच थांबवलं.

"म्हणजे तुमच्या सल्ल्याचा विमा. कळलं. आहे."

मल्लिनाथाला तिच्या पायाच पडावंसं वाटलं.

तिनं दोन पॉलिसी पुढं ठेवल्या. "ही पहिली स्वस्त आहे. पण बघा, अमुक उंचीच्या वर गेलात की संपली. घोडा, पालखी, डोली यावरून कोणी पडलं, तर त्यात नाही. हवामानामुळं काही झालं, तर नाही."

"मग केदारला दुसरं होतं काय?"

"म्हणून तर स्वस्त आहे, काका."

"आणि दुसरी?"

"दुसरीत उंची चालते, घोडा चालतो, वकिलाचा खर्चही त्यांच्याकडं. पण आजपासून पुढचंच. मागचं काही अंगावर आलं तर ते तुमचं तुम्ही. मागं काही झालंय का?"

मल्लिनाथानं प्रामाणिकपणे सांगितलं. श्रीशैलला लक्ष्मम्मा नावाच्या बाईंचा पाय पाताळगंगेच्या पायऱ्यांवर मुरगळला होता. दवाखाना त्यानंच केला, वर घरी जाऊन माफी मागून आला.

"चूक तुमची होती?"

"पायरी ओली होती."

"मग माफी कशाची?"

"आता... माझ्यासंगं आल्या होत्या ना त्या."

दामिनीनं पेन खाली ठेवलं. दुसऱ्या पॉलिसीच्या मागच्या बाजूची एक ओळ बोटानं दाखवत ती सावकाश बोलली, "हे नीट ऐका. सगळ्या कंपन्यांचं सारखंच आहे हे. कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय तुम्ही चूक कबूल करायची नाही. भरपाईचा शब्द द्यायचा नाही. केलंत, तर विमा रद्द होऊ शकतो."

"हाव, ते ठीक आहे. मी कशाला उगं कबूल करू?"

"तुम्ही दर टूरला करता." तिनं फोन त्याच्याकडं वळवला. अण्णारावांच्या ट्रॅव्हल्सचं इंटरनेटवरचं पान होतं, त्यावर टूरचे व्हिडिओ. उज्जैनच्या टूरची शेवटची संध्याकाळ. भजन झालंय, सगळे गोल बसलेत, आणि मधोमध हात जोडून उभा असलेला मल्लिनाथ म्हणतोय, "माय-बापहो, काही चुकलं-माकलं असंल, बोलण्यात उणं-अधिक झालं असंल, लेकरू समजून पदरात घ्या." मग तो एकेकाच्या पाया पडतो, ते त्याच्या कपाळाला विभूती लावतात. पाठोपाठ काशी. पाठोपाठ रामेश्वर. तोच मल्लिनाथ, तेच हात.

"अहो, ते म्हणायचं असतं!" मल्लिनाथ म्हणाला.

तुम्हीच सांगा, आत्ता आपले बुवा कीर्तन संपवताना हेच म्हणणार की नाही? इतक्या वर्षांत कोणी उठून विचारलं का, की बुवा, नक्की कुठं चुकलं? त्यांनी मागायचं, आपण द्यायचं, आणि मग प्रसाद घेऊन घरी जायचं. ते मागणं झालं नाही तर प्रसाद घशाखाली उतरतो का?

पण दामिनी म्हणाली, "मला कळतं हो काका, माझे आजोबाही सप्ताहात कीर्तनाला उभे राहायचे. पण समोरचा वकील विचारेल, तुम्हीच म्हणालात ना चुकलं, मग काय चुकलं ते सांगा. व्हिडिओ आहे. पंचवीस साक्षीदार आहेत."

"मग म्हणू काय?"

"सहानुभूती चालते. कबुली चालत नाही."

दोघं बसून वाक्य जुळवायला लागले. 'प्रवासात कोणाला गैरसोय झाली असल्यास खेद आहे.' मल्लिनाथ म्हणाला, हे तर रेल्वे स्टेशनवर म्हणतात, आणि कोणाचं समाधान झालेलं मी तरी पाहिलं नाही. 'आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहे.' हे बँकेत लिहिलेलं असतं. शेवटी तो वैतागून उठला, दारापर्यंत गेला, तिथून पुन्हा फिरला. दारातून त्याला नागम्मांचा गुडघा दिसत होता म्हणा ना.

"द्या ती दुसरी. करतो सही."

अशी पॉलिसी झाली. अण्णाराव म्हणाले, बघ, म्हनलं न्हवतं, टूथपेस्टसारखं काम. मल्लिनाथानं फोन ठेवून दिला.

बॅच निघाली. हरिद्वार, मग वर गौरीकुंड. नागम्मा घोड्यावर बसल्या, आणि वाटभर घोडेवाल्याशी कानडी-मराठीत बोलत राहिल्या. त्याला काही कळत नव्हतं, पण तो हसत होता. दुपारी सगळे वर पोचले. ऊन पडलेलं, बर्फाचे डोंगर लखलखत होते, मंदिराचं शिखर तंबूतून दिसत होतं. बाकीचे थेट रांगेला लागले. नागम्मांना धाप लागली होती, ओठ किंचित निळे झाले होते. मल्लिनाथानं बघितलं आणि सांगितलं, "अव्वा, तुमी आत्ता पडा जरा. संध्याकाळी रांग कमी असती. मी सोता हाताला धरून नेतो."

"आत्ताच जाते की रे मल्लू. पाय चालायलेत तवर."

"ऐका माझं. संध्याकाळी."

त्यांनी ऐकलं. लोक ऐकतात, हाच तर त्याचा धंदा.

संध्याकाळी हवा फिरली. वारा, गारा, समोरचा माणूस दिसेना. रांग थांबवली. सकाळी पोलीस तंबू-तंबूत फिरले, पुढचा पाऊस मोठा आहे, सगळ्यांनी आत्ताच्या आत्ता उतरायचं. मल्लिनाथ त्यांच्या हातापाया पडला, एका म्हातारीला फक्त दारापर्यंत नेऊन आणू द्या म्हणाला. त्यांनी त्याला ढकलून घोड्यांकडं पाठवलं. सगळ्यांचं दर्शन झालं होतं. एकट्या नागम्मांचं राहिलं. त्या घोड्यावर बसून मान वळवून वळवून मागं बघत होत्या, आणि मागं नुसतं पांढरं होतं.

हरिद्वारच्या धर्मशाळेत शेवटची संध्याकाळ. भजन झालं, विभूतीची वाटी मध्ये ठेवली. सगळे गोल बसून मल्लिनाथाकडं बघायला लागले. एकानं सवयीनं फोन वर धरला. मल्लिनाथ उभा राहिला. हात जोडले गेले ते आपोआपच.

"प्रवासात..." तो म्हणाला. "प्रवासात हवामानामुळं कोणाला गैरसोय झाली असंल, तर खेद आहे. सहकार्याबद्दल... आभारी आहे."

पुढचं यायचं आहे असं समजून लोक थांबून राहिले. उदगीरचे एक सावकार मोठ्यानं म्हणाले, "हे कोन बोललं? आपला मल्लिनाथ का तिकीट खिडकी?" दोघं-चौघं हसले. हसणं विरलं तसं जास्तच वाईट वाटायला लागलं. विभूतीच्या वाटीकडं कोणाचा हात जाईना, कारण मागणं झालंच नव्हतं, तर देणार काय?

मग नागम्मा भिंतीला धरून उठल्या. पदर दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, "मल्लू, माझ्या धापीमुळं तुला त्या पोलिसाचे धक्के खावे लागले रे बाबा. माझं चुकलं-माकलं पदरात घे." त्यांच्या पाठोपाठ एक बाई उठली. मी रोज गाडीला उशीर केला, पदरात घ्या. सावकार उठले. मी आत्ता टोचून बोललो, पदरात घे. एकेक जण येऊन त्याच्याजवळ माफी मागत होता, आणि ज्याचं खरंच चुकलं होतं तो माणूस दातावर दात दाबून मधोमध उभा होता. मान हलवावी तर तीही कबुलीच, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं.

सकाळी त्यानं विमा कंपनीला फोन लावला. बासरी ऐकली. पलीकडच्या माणसाला सांगितलं, "मला माफी मागायची परवानगी पाहिजे."

"सर, नुकसान काय झालं?"

"दर्शन हुकलं. माझ्या सांगण्यानं."

"रकमेत सांगाल का, सर?"

मल्लिनाथानं पुन्हा 'दर्शन' एवढंच सांगितलं. पलीकडचा म्हणाला, विनंती नोंदवतो, उत्तर मेलवर येईल.

उत्तर आलं, लातूरला परतल्यावर. कोणीही दावा दाखल केलेला नाही. त्यामुळं कबुलीच्या परवानगीचा प्रश्न उद्भवत नाही. प्रकरण बंद करण्यात येत आहे. मल्लिनाथानं ते मंजुश्रीला वाचून दाखवलं आणि तिनं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. म्हणजे अव्वानं तक्रार केली, तरच कंपनी परवानगीचा विचार करणार.

पायात चपला सरकवून मल्लिनाथ तसाच चाकूरला गेला. रेवणप्पा दुकानात कापड फाडत होते.

"रेवणप्पा, माझ्यावर दावा ठोका."

कात्री हवेतच राहिली. "ऊन लागलं का काय तुला?"

"अव्वाचं दर्शन माझ्यामुळं हुकलं म्हनून लिहून द्या. मी पाया पडतो. त्याबिगर मला बोलता येत न्हाई."

"येडा हायस का? वकिलाची नोटीस धाडू तुला? गाव थुंकंल माझ्या तोंडावर."

दोघांचा आवाज चढला तशा नागम्मा आतून आल्या. सगळं ऐकलं. त्यांना विमा कळला नाही, कंपनी कळली नाही, पण एवढं कळलं की या पोराच्या घशात काहीतरी अडकलंय आणि ते काढायला आपली तक्रार पाहिजे. त्या ओट्यावर बसल्या, त्याला जवळ बसवलं.

"माझी काय तक्रार न्हाई रे," त्या म्हणाल्या. "खोटी तक्रार मी कशी करू? शिव शिव."

"खोटी न्हाई, अव्वा. खरीच हाय ती."

"मग तर मुळीच करनार न्हाई."

मल्लिनाथ गुडघ्यात डोकं घालून बसला. पुढच्या महिन्यात श्रीशैलची बॅच होती, त्यानंतर काशी. पॉलिसी होती म्हणून तर दोन्ही मिळाल्या होत्या. नागम्मांनी कमरेच्या पिशवीतून विभूती काढली आणि न मागता त्याच्या कपाळाला लावली. त्यानं ती लावून घेतली, पण 'चुकलं' हा शब्द तोंडातून काढला नाही. उठला, चपला घातल्या आणि बसस्टँडकडं चालू लागला. रेवणप्पा मागून हाक मारत होते, जेवून तरी जा. तो थांबला नाही.

नागम्मांना आता वर जायला जमायचं नाही. गुडघ्यांनी हात टेकले.

ऐका, पखवाज लागला, बुवा उठले वाटतं. तर माझं मागणं एवढंच. तुमच्यापैकी कोणी केदारला गेलं, दारात उभं राहिलं, मागच्या माणसानं ढकललं तरी क्षणभर पाय रोवा आणि चाकूरच्या नागम्माची आठवण काढा. म्हातारी शिखर दिसणाऱ्या तंबूपर्यंत आली होती, दारात यायची राहिली, एवढं देवाच्या कानावर घाला. ज्यानं सांगायचं त्याला सांगता येत नाही. तुम्ही सांगा.